न्यूयॉर्क राज्यातील गृहविक्री आणि पुराविषयीचे मौन

न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने २००१ साली संमत केलेला व १ मार्च २००२ पासून अमलात आलेला मालमत्तास्थिती-प्रकटन कायदा हा 'खरेदीदाराने सावध असावे' या जुन्या तत्त्वाचा शेवट मानला गेला. कायद्याचा बाह्य आकार पाहता ही समजूत अस्वाभाविक नव्हती. राहत्या घराच्या विक्रेत्याने करारापूर्वी एक विस्तृत प्रश्नावली भरून खरेदीदाराच्या हाती द्यावी, असे त्यात ठरविले होते. आणि मालमत्ता निर्देशित पूरक्षेत्रात आहे काय, हाही प्रश्न तीत होता. तथापि जो प्रश्नावली देणार नाही त्याने व्यवहार पुरा होताना खरेदीदारास ५०० डॉलरांची सूट द्यावी, असेही त्याच कायद्यात पुढे म्हटले होते. विक्रेत्यांच्या वकिलांनी या कलमाचे मर्म तत्काळ ओळखले. उत्तर दिले आणि ते जाणूनबुजून खोटे दिल्याचे ठरले, तर प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई अंगावर येणार. उत्तरच दिले नाही, तर ५०० डॉलरांत सुटका. परिणामी सूट देऊन गप्प राहणे हीच व्यवसायातील रूढी बनली. जुने तत्त्व नाहीसे झाले नव्हते. त्याला एक ठराविक किंमत लागली होती, इतकेच.

या तत्त्वाची पकड किती घट्ट होती, हे वाळवीच्या दोन खटल्यांवरून दिसते. १९४२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वाळवी लागलेल्या घराच्या विक्रेत्यास केवळ मौनाबद्दल जबाबदार धरण्याचे नाकारले. १९६० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने तशाच वस्तुस्थितीवर उलट निर्णय दिला. (भारतीय विद्यार्थ्यास हा वाद काहीसा विचित्र वाटेल, कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने, विक्रेत्यास ठाऊक असलेला पण खरेदीदारास सामान्य दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले होते. अर्थात् विरुद्ध करार नसेल तर, हे त्या कलमाचे प्रारंभीचे शब्दही विसरता कामा नये.) न्यूयॉर्कची न्यायालये मात्र जुन्या मार्गावरच राहिली. त्यांनी केलेला एक प्रसिद्ध अपवाद १९९१ चा आहे आणि तो भुताचा आहे. न्यॅक येथील घरात भुते असल्याची ख्याती जिने स्वतःच पसरविली, त्या विक्रेतीस ती गोष्ट परगावच्या खरेदीदारापासून लपवून करार टिकविता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तपासणीने जे कळणे शक्य नाही त्याबाबत खरेदीदाराने सावध राहावे तरी कसे, हा त्यामागील विचार पुरालाही लागू पडण्याजोगा होता; पण तो तिकडे वळला नाही.

वस्तुतः पुराचा दोष वाळवीहून अधिक गुप्त असतो. पाणी ओसरते, भिंतींस नवा रंग बसतो आणि उन्हाळ्यात घर पाहावयास आलेल्यास काहीच दिसत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय पूर विमा कायद्यानंतर संघराज्य सरकारने पूरक्षेत्रांचे नकाशे सिद्ध करण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये धोक्याच्या क्षेत्रातील तारणकर्जास विमा सक्तीचा झाला आणि १९७४ च्या दुरुस्तीने कर्जदारास सूचना देण्याचे काम सावकारी संस्थांवर आले. ही सूचना बहुधा किंमत ठरून गेल्यावर, कर्जाच्या कागदांसमवेत येई. शिवाय नकाशा वर्षाला एक टक्का संभव सांगतो. या घरात पाणी शिरले होते काय, हे सांगत नाही. ते सांगू शकणारी नोंद, म्हणजे घरावर पूर्वी मागितलेल्या विमाभरपाईचा इतिहास, सरकारच्या दप्तरी होती. पण १९७४ च्या खासगीपणाविषयीच्या कायद्यामुळे ती मालकास मिळे, होऊ घातलेल्या खरेदीदारास मिळत नसे. एकाच वर्षाने एक दार अर्धे उघडले आणि दुसरे लावून घेतले! अशा स्थितीत विक्रेत्याचे तोंड हाच खरेदीदाराचा एकमेव मार्ग उरतो, आणि न्यूयॉर्कने तोच ५०० डॉलरांना बंद करू दिला.

ज्ञान अस्तित्वात असणे व ते योग्य व्यक्तीस योग्य वेळी पोहोचणे यांतील अंतर टेक्ससमध्येही दिसले. ह्यूस्टनजवळील ॲडिक्स व बार्कर या जलाशयांचे पाणी सरकारी जमिनीच्या सीमेबाहेर पसरू शकते, ही गोष्ट फोर्ट बेंड परगण्यातील काही वसाहतींच्या भूखंड-नकाशांवर टीप म्हणून लिहिलेली होती. २०१७ च्या हार्वी वादळात त्या घरांत पाणी भरले, तेव्हा ती टीप अनेक रहिवाशांस प्रथमच कळली. टेक्ससने २०१९ मध्येच विक्रेत्याच्या निवेदनात जलाशयाच्या पूरक्षेत्राविषयीचा प्रश्न घातला.

प्रकटनाच्या कायद्यांमागे केवळ खरेदीदाराची कणव होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कॅलिफोर्नियातील १९८४ च्या एका निर्णयाने घराची वाजवी पाहणी करण्याची जबाबदारी दलालावर टाकली; पुढच्याच वर्षी तेथे विक्रेत्याच्या लेखी निवेदनाचा कायदा आला आणि देशभरच्या दलालांच्या संघटनेने अशा कायद्यांस पाठिंबा दिला. जबाबदारी विक्रेत्याकडे सरकली, तर दलाल मोकळा होत होता.

न्यूयॉर्कमध्ये २०१२ च्या सँडी वादळानंतरही ५०० डॉलरांची सूट अबाधित राहिली. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या पावसाने क्वीन्समधील तळघरांत राहणारी माणसे बुडून मेली, त्यानंतर हालचाल झाली; आणि प्रथम संरक्षण मिळाले ते भाडेकरूस. जून २०२३ पासून भाडेपत्रात पुराचा पूर्वेतिहास सांगणे घरमालकास बंधनकारक झाले. खरेदीदारासाठीची दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर होऊन २० मार्च २०२४ पासून लागू झाली. तिने सूट रद्द केली आणि पूर्वीची पूरहानी, विम्याचे दावे व संघराज्याकडून मिळालेले साह्य यांविषयीचे प्रश्न वाढविले. मात्र विक्रेत्याने स्वतः चौकशी करावी किंवा सार्वजनिक दप्तर तपासावे असे कोणतेही बंधन नाही, ही मूळ कायद्यातील तरतूद तशीच राहिली. आणि 'होय' व 'नाही' यांच्या शेजारी 'माहीत नाही' हा रकानाही.