चाळीस पिनांचा करार

आजचा भाग सुरू करण्याआधी एक चित्र डोळ्यासमोर आणा. आपल्या बीड जिल्ह्यात उसाचा हंगाम लागला की रस्त्याने ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या धावायला लागतात. ट्रॅक्टर मोठ्या कंपनीचा, ट्रॉली गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेली. दोन्ही बनवणारे एकमेकांना कधी भेटलेले नसतात. तरी हुकात पिन टाकली की ट्रॉली निघाली. कारण हूक कुठे असणार, केवढा असणार, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं.

कॉम्प्युटरच्या जगातही असे हूक आहेत. त्यातला एक मी नीट समजून घेतला नाही आणि एका मित्राच्या भावाचा रास्पबेरी पाय जाळला. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा होता तो. त्यानंतर मी या हुकांचा इतिहास वाचायला लागलो. आधी इतिहास सांगतो, मग माझी चूक.

सुरुवात जानेवारी १९७५ पासून करू. अमेरिकेत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर झळकला. ४०० डॉलरच्या आत, स्वतः जोडायचा किट. मेमरी किती? २५६ बाइट. म्हणजे आपले दोन पूर्ण एसएमएसही त्यात बसणार नाहीत. काही उपयोगाचं करायचं तर मेमरीचं वेगळं कार्ड घालणं भागच होतं. त्यासाठी आत १०० पिनांचे कनेक्टर होते. स्वस्तात मिळाले म्हणून तेच घेतले, असं सांगतात. कोणत्या पिनवर काय, हेही घाईतच ठरलं. पहिल्या पिनवर ८ व्होल्ट आणि तिला चिकटून दुसऱ्या पिनवर त्याच्या दुप्पट. कार्ड घालताना जरा तिरकं झालं, तर मेमरी गेली!

तरीही झालं काय, तर मूळ कंपनीची मेमरी कार्डं नीट चालेनात, म्हणून बाहेरच्या लोकांनी त्याच १०० पिनांवर बसणारी कार्डं बनवून विकायला सुरुवात केली. मग दुसऱ्या कंपन्यांनी त्याच कनेक्टरचे कॉम्प्युटर काढले. याला एस-१०० बस म्हणायला लागले. आयईईईने त्याचं अधिकृत मानक काढलं १९८३ साली. घाईत झालेला निर्णय आठ वर्षांनी नियम झाला. कारण तोवर इतक्या लोकांची कार्डं त्यावर होती की बदलणं परवडणारं नव्हतं.

असंच पुन्हा झालं २००५ नंतर, आर्डुइनोमध्ये. तुमच्याकडे आर्डुइनो ऊनो असेल तर काढून बघा. पिन ७ आणि पिन ८ यांच्यामधली फट विचित्र आहे. बाकी पिना ०.१ इंचावर, आणि ही फट ०.१६ इंचाची. ती डिझाइन करतानाची चूक होती. ती कळेपर्यंत लोकांनी वर बसणारे बोर्ड, म्हणजे ‘शील्ड’, बनवायला घेतले होते. चूक सुधारली असती तर ते सगळे बाद झाले असते. म्हणून चूक ठेवली, आणि आजही ऊनोवर ती आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत, पवईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कवी आर्य आणि कृती रामामृतम यांच्या पुढाकाराने ई-यंत्र हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारच्या पैशातून देशभरातल्या शेकडो इंजिनिअरिंग कॉलेजांत रोबोटिक्सच्या लॅब सुरू करायला त्यांनी मदत केली. त्यात वापरला गेलेला रोबोट म्हणजे फायर बर्ड ५. नेक्स रोबोटिक्स या कंपनीने आयआयटी मुंबईच्या लॅबसोबत तो बनवला होता.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्या रोबोटचं अंग एकच, म्हणजे मोटर, बॅटरी, सेन्सर, छोटा डिस्प्ले. मेंदू मात्र वेगळ्या कार्डावर. पी८९व्ही५१, एटीमेगा २५६० किंवा एआरएमचा एलपीसी२१४८, जो हवा तो लावा. आपल्याकडे वर्षानुवर्षं ८०५१ शिकवलाय. त्या पोरांना पी८९व्ही५१ घरचाच. उद्या एआरएम शिकायचं ठरलं, तर नवा रोबोट घ्यायला नको, फक्त कार्ड बदला. ज्या कॉलेजला दर वर्षी नवीन सामान घेणं जमत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला, २६ पिनांचा. लोकांनी वाटेल त्या आकाराचे बोर्ड त्यावर बसवले. त्याच सप्टेंबरात पायची सुधारित आवृत्ती आली आणि दोन पिनांमागची आयटूसी लाइन बदलली. जुने प्रोग्राम चालेनात. यातून धडा घेतला गेला. जुलै २०१४ मध्ये बी प्लस मॉडेल आलं, ४० पिनांचं, पण पहिल्या २६ पिना जशाच्या तशा. त्याच महिन्यात वर बसणाऱ्या बोर्डांचे नियमही लिहून जाहीर केले. अशा बोर्डाला नाव दिलं ‘हॅट’, म्हणजे टोपी.

तेव्हाचे नियम साधे होते. आकार साधारण ६५ बाय ५६ मिलिमीटर. स्क्रूची चार भोकं ठरलेल्या जागी. पिन २७ आणि २८ वर एक छोटी ईईप्रॉम चिप, जिच्यात बोर्डाने आपली ओळख लिहून ठेवायची. पाय चालू होताना ती वाचतो आणि कोणत्या पिना कशा लावायच्या ते ठरवतो. बोर्डाकडून पायला वीज द्यायची असेल तर ५ व्होल्टवर किमान १.३ अँपिअर देता यायला हवा होता, आणि उलटी वीज जाऊ नये याची सोय हवी होती.

आता माझी चूक. आमच्या रोबोटमध्ये तारांचं जंजाळ झालं होतं. मोटर अडकली की व्होल्टेज पडायचं आणि पाय रीस्टार्ट व्हायचा. म्हणून मोटर ड्रायव्हर, वीजपुरवठा आणि सेन्सरच्या जोडण्या एकाच बोर्डावर घ्यायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअरवाला. पीसीबीचं सॉफ्टवेअर शिकलो, डिझाइन पाठवलं, पाच बोर्ड आले. सोल्डर केले. चालू केलं. वास आला.

झालं असं की पायच्या पिना वर तोंड करून असतात, म्हणून आपल्या बोर्डाचं सॉकेट खालच्या बाजूला बसतं. मी ते वरच्या बाजूचं समजून काढलं होतं. त्यामुळे दोन ओळींची अदलाबदल झाली. पिन १ वर ३.३ व्होल्ट असतात आणि शेजारच्या पिन २ वर ५. माझ्या बोर्डाने ५ व्होल्ट पिन १ वर दिले. अल्टेअरवाल्यांनी १९७५ मध्ये शेजारी शेजारी दोन व्होल्टेज ठेवून जे भोगलं, तेच मी.

मित्राच्या भावाला मी नवीन पाय घेऊन दिला, पण त्याचे दोन आठवडे गेले ते गेलेच. दुसऱ्या आवृत्तीत सॉकेट सरळ केलं. अल्ट्रासोनिक सेन्सरच्या ५ व्होल्टच्या एको पिनला १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून सिग्नल ३.३ वर आणला. ईईप्रॉम टाकली. आणि प्रत्येक पिनचं नाव बोर्डावर छापलं. हा बोर्ड उद्या माझ्या हातात नसेल, दुसऱ्या कुणाच्या असेल, तेव्हा त्याला मला फोन करावा लागू नये.

तुमच्यापैकी कुणी पहिला बोर्ड करत असेल तर एवढं करा. ऑर्डर देण्याआधी डिझाइन खऱ्या मापात, पिनांच्या नावांसकट, वरून दिसतं तसं कागदावर छापा. झेरॉक्सच्या दुकानात पाच-दहा रुपयांत होतं. तो कागद पायच्या पिनांवर दाबून बसवा आणि पिन १ पासून एकेक नाव ताडून बघा. माझी चूक त्या कागदावर दिसली असती.

भेटू पुढच्या भागात.