परळ ते बोस्टन, आणि परत

१९९१च्या पावसाळ्यात मी हैदराबादहून परळला आलो तो भाच्यासाठी. ताईच्या सात वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता आणि टाटा रुग्णालयात त्याचे उपचार सुरू झाले होते. ठरावीक दिवशी त्याला कुशीवर निजवत, गुडघे पोटाशी घ्यायला लावत आणि पाठीच्या कण्यातून औषध देत. सिरिंजमधले ते औषध हळदीच्या पाण्यासारखे पिवळे होते. नाव मेथोट्रेक्सेट. मी ते वहीत उतरवून घेतले, कारण त्या दिवसांत आम्ही सगळेच काही ना काही वहीत उतरवून घेत होतो.

महिन्याभराने हैदराबादला परतलो, तेव्हा शेजारचे मास्तर चौकशीला आले. निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मी वही दाखवली. त्यांनी नाव वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “ही वाट आमच्या सुब्बारावगारूंनी पाडलेली. भीमवरमचे.” मला वाटले, आपल्या गावच्या माणसाविषयी प्रत्येकाला थोडे जास्त वाटतेच. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की मास्तरांनी उलट कमीच सांगितले होते. त्या पिवळ्या औषधाची एक वाट भीमवरमहून निघते हे खरे, पण दुसरी निघते खुद्द परळहून. मी ज्या फुटपाथवर भाच्यासाठी शहाळे घेत होतो, तिथून ती जागा चालत थोड्या अंतरावर आहे.

१९२८मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम चाले. गरीब घरांतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत, आणि कित्येकींचा त्यात जीव जाई. विल्सने त्यांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले आणि अखेर एका स्वस्त वस्तूपाशी पोचली: मार्माइट. यीस्टपासून केलेला, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळपट लगदा. तो दिल्यावर या बायकांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्यात नेमके काय गुणकारी आहे ते ठाऊक नव्हते, म्हणून पुष्कळ दिवस त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१मध्ये अमेरिकेत पालकाच्या ढिगाऱ्यांतून तोच पदार्थ वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड.

त्याच १९३१ साली मुंबईतली दुसरी एक बाई रक्ताच्याच आजाराने गेली. मेहेरबाई टाटा, सर दोराबजींच्या पत्नी. ल्युकेमियाने, वेल्समध्ये. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने न्यास केला तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि मदत भारताबाहेरच्या संशोधकांनाही मिळावी अशी त्याची रचना ठेवली. त्याच वर्षी तेही वारले. त्यांच्या दुसऱ्या न्यासाच्या पैशातून परळला टाटा रुग्णालय उभे राहिले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. एकीच्या मृत्यूतून रुग्णालय झाले. दुसऱ्या बायकांच्या, ज्यांची नावे कुठे नाहीत, रक्तातून औषधाचा धागा सुरू झाला. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, पण त्या एकमेकींना भेटायला अर्धे शतक जावे लागले.

आता भीमवरम. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५चा. वैद्यकीचे शिक्षण मद्रासला. गांधींच्या हाकेवर खादी घालून वर्गात गेले, ते एका इंग्रज प्राध्यापकाला रुचले नाही, आणि पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाचे प्रमाणपत्र हाती आले. दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने थोड्या अंतराने गेले होते. अन्न अंगी न लागणे आणि पंडुरोग ही त्याची लक्षणे, आणि फॉलिक ॲसिड पुढे त्याच आजारावर उपयोगी पडले. सुब्बारावांना अमेरिकेला जायचे होते, पैसे नव्हते. काही सासऱ्यांनी उभे केले, आणि काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने मदतीचा शब्द दिला. त्या बळावर ते बोस्टनला पोचले. तिथे पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीला हमालासारखी कामे केली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर पेशींच्या ऊर्जेवर मोलाचे काम केले, तरी तिथे कायमची जागा मिळाली नाही. १९४०मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीच्या संशोधनात गेले. तिथल्या त्यांच्या चमूने १९४५मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे काम मृत मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे. ल्युकेमिया झालेली मुले तेव्हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. फार्बरना वाटले, परळच्या बायकांचे रक्त जर फॉलिक ॲसिडने सुधारते, तर या मुलांचे का नाही? त्यांनी लेडर्लीकडून त्या जातीची औषधे मागवून दिली. झाले उलटेच: रोग वाढतो आहे असे त्यांना दिसले. दुसऱ्या कुणी तिथेच हात टेकले असते. फार्बरनी प्रश्न उलटा केला. ज्या पेशी बेफाम वाढताहेत त्यांना वाढायला हेच लागत असेल, तर ते तोडता येईल का? फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, पेशीला फसवून तिची वाढ अडवणारे काही? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तसे पदार्थ तयार होत होते. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन १९४७च्या अखेरीस बोस्टनला पोचले. सोळा मुलांना ते दिले, त्यांतल्या दहा मुलांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही, काही महिन्यांत रोग परतला. पण ३ जून १९४८ रोजी हा निबंध छापून आला, तेव्हा औषधाने ल्युकेमिया मागे हटू शकतो हे पहिल्यांदा जगापुढे आले. ॲमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

या निबंधाच्या बारा दिवस आधी, २२ मे १९४८च्या रात्री, अमेरिकेत रेडिओवर एक कार्यक्रम झाला. फार्बरना इमारत हवी होती, माणसे हवी होती, म्हणजे पैसे हवे होते. नाटक-सिनेमाच्या धंद्यातल्या मंडळींचा व्हरायटी क्लब त्यांच्या मदतीला आला. त्यांना एक मूल हवे होते, ज्याचा आवाज देशाला ऐकवता येईल. मेन राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा आयनार गुस्ताफसन निवडला गेला. त्याला आतड्याचा लिम्फोमा होता. खरे नाव लपवून त्याला ‘जिमी’ म्हटले. निवेदक राल्फ एडवर्ड्स लांबून बोलत होता, जिमी खाटेवर, आणि बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघातले त्याचे आवडते खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत येत होते. लोकांना आवाहन होते वीस हजार डॉलरचे, म्हणजे जिमीला सामने पाहायला टीव्ही मिळेल. जमले दोन लाख एकतीस हजारांहून अधिक.

त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय ५३. ते भारतात परत कधीच आले नाहीत. त्यांच्यासाठी रेडिओवर कुणी काही मागितले नाही, आणि मला वाटते त्यांनाही ते आवडले नसते.

इथे मला थांबावे लागते, कारण आमच्या घरीही एक जिमी होता. भाच्याच्या उपचारांसाठी आम्ही न्यासांकडे अर्ज करत होतो: रेशनकार्डाची प्रत, डॉक्टरांचे पत्र, खर्चाचा अंदाज. एका न्यासाने फोटो मागितला. ताईने पाकिटातून शाळेचा काढला, दाट केस, भांग पाडलेला. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितले, “आत्ताचा द्या बाई.” ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, टोपी घालून काढला तर चालेल का विचार ना.” मी विचारले नाही. टोपीविना काढलेला फोटो दिला. पैसे आले. तो फोटो न्यासाच्या वार्षिक पुस्तिकेत छापला गेला, खाली नाव नव्हते.

जिमी मेला असेच बहुतेकांनी धरून चालले होते. १९९८मध्ये कळले की तो जिवंत आहे. आयनार गुस्ताफसन ट्रक चालवत होता, मुलाबाळांचा, नातवंडांचा धनी होता. त्याच्या टोपणनावाने पन्नास वर्षे निधी जमत होता आणि तो आपला गाडी हाकत होता. ६५व्या वर्षी, २००१मध्ये तो गेला.

पण कथा बोस्टनला संपत नाही, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. औषध सापडले म्हणजे मुले वाचली असे होत नाही. अमेरिकेत बरी होणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती, तेव्हाही आपल्याकडे पाचातले एखादे मूल वाचे. १९८४च्या सुमारास मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासचे कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स, अमेरिकेतल्या इयन मॅग्राथ यांच्यासह एकत्र बसले आणि तिघांनी एकच उपचारपद्धती ठरवली. नाव कोरडे: एमसीपी ८४१. औषधे जुनी, ओळखीची, आपल्याला परवडतील अशी; मेथोट्रेक्सेट त्यात होतेच. सगळीकडे एकाच पद्धतीने द्यायची आणि सगळ्यांनी हिशेब ठेवायचा. या केंद्रांत चार वर्षांनंतर रोगमुक्त राहणाऱ्या मुलांचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. नवे औषध एकही नव्हते. नवे होते ते एकमेकांचे आकडे एकमेकांना दाखवणे.

माझा भाचा त्या आकड्याच्या बऱ्या बाजूला पडला. शेजारच्या खाटेवरची सोलापूरची मुलगी पडली नाही. औषध तेच, वहीत तारखाही जवळजवळ त्याच.

भाचा आता चाळिशी ओलांडलेला आहे. काही वर्षांपूर्वी ताईच्या कपाटात त्याला ती पुस्तिका सापडली. त्याने तो टक्कल पडलेला मुलगा नीट पाहिला. मला वाटले, रागावेल. त्याने विचारले, “मामा, याचे किती मिळाले होते?”

मी आकडा सांगितला.

“मग ठीक आहे,” म्हणाला, आणि पुस्तिका परत ठेवली.

त्याचे ठीक असेल. मी अजून हिशेब लावतो. काकिनाड्याच्या संस्थेने एका विद्यार्थ्याला हात दिला, तो कशासाठी हे तिला कळणे शक्य नव्हते. बोस्टनच्या लोकांनी टीव्हीसाठी पैसे दिले. परळच्या त्या बायकांनी तर काही देतो आहोत हे जाणून दिलेच नाही. त्यांनी बोट पुढे केले, रक्त काढून घेतले गेले, कुणाला गुण आला, कुणी गेल्या. फोटो त्यांचा कुठेही नाही. परळला गेलो की हाफकिनच्या फाटकावरून पुढे जाताना मी क्षणभर थांबतो. मागून रुग्णांचे नातेवाईक फायली छातीशी धरून येत असतात, त्यांना वाट द्यावी लागते.