परसातील मिश्र कोंबडीपालन (गोंदिया जिल्हा)
भातशेतीच्या या जिल्ह्यात गावठी कोंबड्यांसोबत वनराजा, गिरिराजा या सुधारित जातींचे पक्षीही परसात पाळता येतात. या सुधारित जातींच्या पिलांची वाढ जलद होते व अंडीही जास्त मिळतात. मात्र वनराजासारख्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून थोड्या गावठी माद्या राखणे शहाणपणाचे. त्यांच्याखाली अंडी 21 दिवसांत उबतात. साधारण दहा माद्यांमागे एक नर पुरतो. सख्ख्या रक्ताचा संकर टाळण्यासाठी तो वेळोवेळी बाहेरून आणून बदलावा. दिवसा किडे, सांडलेले धान्य वेचणाऱ्या कळपाला कनकी व कोंडा द्यावा. मानमोडी (राणीखेत) थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे करते. म्हणून पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस अत्यावश्यक.