वाईन जितकी जुनी तितकी भारी? चॅरिटी डिनरमध्ये जुनी रेड वाईन चाखताना नेमकं काय बघतात?

"वाईन जितकी जुनी तितकी भारी" हे वाक्य वाईन न पिणाऱ्यालाही पाठ असतं. पण जगात बनणाऱ्या बहुतेक वाईनच्या बाबतीत ते खरं नाही. बहुतांश बाटल्या दोन-चार वर्षांत पिऊन संपवायच्या असतात. त्या जास्त ठेवल्या तर चव वाढत नाही, उतरते. वर्षानुवर्षं सुधारत जाणाऱ्या रेड वाईन मोजक्याच असतात, आणि चॅरिटी डिनरमध्ये लिलावाला किंवा चाखायला ठेवल्या जातात त्या याच.

वाईन आणि दानधर्माचा संबंध कुठून आला?

याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधल्या बोन गावाचं आहे. तिथे १४४३ मध्ये निकोला रोलां आणि त्याची पत्नी गिगोन दे सालें यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारलं. पुढे लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षबागा दान दिल्या. त्या बागांमधल्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होतो. दरवर्षी नोव्हेंबरमधला तिसरा रविवार त्यासाठी ठरलेला आहे आणि पैसा रुग्णालय व समाजकार्याला जातो. गंमत म्हणजे तिथे विकली जाते ती त्याच वर्षीची, पिंपात असलेली कोवळी वाईन. ती मुरवण्याचं काम नंतर होतं.

अमेरिकेत नापा खोऱ्यात १९८१ पासून असा लिलाव सुरू झाला. २००० साली तिथे 'स्क्रीमिंग ईगल' या वाईनची १९९२ सालची ६ लिटरची एकच बाटली ५ लाख डॉलर्सना गेली. एवढा पैसा कुणी फक्त चवीसाठी मोजत नाही, त्यात देणगीही असते. म्हणून चॅरिटी लिलावातल्या बोलीवरून वाईनचा दर्जा ठरवू नये.

मुरते म्हणजे नक्की काय होतं?

रेड वाईन काळ्या द्राक्षांच्या सालीसकट आंबवतात. सालीतून रंग येतो आणि टॅनिनही येतं. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंडाला जो तुरटपणा येतो, तो टॅनिनचाच. कोवळ्या वाईनमध्ये तो टोचतो. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो आणि रंग जांभळ्यावरून विटकरीकडे जातो.

वासही बदलतो. ताज्या फळांचा वास मागे पडतो आणि सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, ओली माती असे वास पुढे येतात. मात्र हे व्हायला सुरुवातीलाच वाईनमध्ये भरपूर टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा अर्क असावा लागतो. मुळात फिक्या वाईनला वीस वर्षं ठेवलं तरी ती फिकीच राहते.

महाराष्ट्रातली रेड वाईन मुरते का?

नाशिकच्या सुलाची सुरुवात १९९९ ची, आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं २००१ मध्ये. म्हणजे आपला आजचा वाईन उद्योग जेमतेम पाव शतकाचा आहे. आपल्याकडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडतात. उष्ण हवेत द्राक्षातला आंबटपणा लवकर उतरतो, त्यामुळे आपल्या बऱ्याचशा रेड वाईन लवकर पिण्याच्याच असतात. अपवादही आहेत. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची वाईन काही वर्षं ठेवता येईल अशीच बनवलेली आहे.

बुलढाण्यात बाटली ठेवायची तर?

जुन्या वाईनचा खरा शत्रू ऊन आहे. तिला साधारण १२ ते १४ अंश तापमान, अंधार, थोडी ओल आणि शांत जागा लागते. घाटावर बुलढाणा, चिखलीकडे हवा जरा बरी असते. पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावात मे महिन्यात पारा सहज ४० च्या वर जातो. तिथे कपाटात दोन उन्हाळे काढलेली महागडी बाटली शिजल्यासारखी लागते. लेबलवर सन कितीही जुना असला तरी उपयोग नाही.

बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा शिरत नाही. आपल्याकडे दारूबंदीच्या मतदानात 'आडवी बाटली' म्हणजे दुकान बंद. इथे आडवी बाटली म्हणजे वाईन सुरक्षित.

चाखायची कशी?

• बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतात, म्हणजे गाळ खाली बसतो. मग वाईन हळूच दुसऱ्या भांड्यात ओततात. फार जुनी वाईन हवेत लवकर विरते, म्हणून ती ऐनवेळी उघडतात.
• ग्लास एक तृतीयांशच भरतात. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघतात. कड विटकरी असेल तर वाईन मुरलेली असते. सगळीच तपकिरी असेल तर शंका घ्यायची.
• ग्लास हलकेच फिरवून वास घेतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास म्हणजे बूच खराब. व्हिनेगरसारखा वास म्हणजे वाईन गेली.
• छोटा घोट तोंडभर फिरवतात. गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते हे बघतात. अनेक वाईन चाखायच्या असतील तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, जाणकार हेच करतात.
• एकाच वाईनची वेगवेगळी वर्षं चाखली तर तिला 'व्हर्टिकल' म्हणतात. एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या वाईन असतील तर 'हॉरिझॉन्टल'.

सोबत जेवण साधं हवं. ठेचा किंवा वऱ्हाडी तिखट रस्सा पुढे आला की जुन्या वाईनची नाजूक चव हरवते.

बोली लावण्याआधी काय विचारायचं?

पहिला प्रश्न वयाचा नाही. बाटली आजवर कुठे आणि कशी ठेवली होती, हे आधी विचारायचं. मग बाटलीच्या मानेतली पातळी बघायची, कारण ती फार खाली गेली असेल तर बुचातून हवा शिरलेली असू शकते. आणि बनावट बाटल्याही असतात. रुडी कुर्नियावान नावाच्या व्यापाऱ्याने दुर्मीळ म्हणून खोट्या वाईन विकल्या आणि २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत १० वर्षांची शिक्षा झाली. काही बाटल्यांवर त्याने असा सन टाकला होता, जेव्हा ती वाईन बनतच नव्हती!

कायदा आणि तब्येत

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि कार्यक्रमात वाईन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची एक दिवसाची परवानगी घ्यावी लागते. वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. शिवाय 'रेड वाईन हृदयाला चांगली' हे फॉरवर्ड तुम्हीही वाचलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही.

थोडक्यात, बाटलीचं वय लेबलवर वाचता येतं, पण तिची चव ठरते ती मूळ द्राक्षावर आणि ती कशी सांभाळली त्यावर. आणि मदतच करायची असेल, तर न पिताही देणगी देता येते.