नाट्याच्या किनाऱ्यावर उघडलेलं इंजिन

जून लागला की कोकणातल्या साखरी नाट्याच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढल्या जातात. झावळ्या, ताडपत्री, निळं प्लॅस्टिक, हाताला लागेल त्याने त्या शाकारल्या जातात आणि मग दोन महिने पावसाच्या आवाजात पान्याची नि हातोडीची ठकठक मिसळते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद. मासे अंडी घालतात, दर्या खवळलेला असतो, ही कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. पण बंदरात हे दिवस इंजिनाचे असतात.

लाकडी तिकाटण्याला चेनकप्पी लावून इंजिन केबिनीखालून उचलायचं किंवा जागेवरच उघडायचं. हंगामाच्या अखेरीला ते ‘ऑइल खातंय’ की नुसताच ‘धूर मारतंय’ यावर मिस्त्री ठरवतो, हाफ इंजिन करायचं की फुल. हेड उतरलं की पहिला हात फिरतो सिलिंडरच्या आतल्या वरच्या कडेवर. रिंग जिथपर्यंत चढून परत फिरते तिथे झिजून एक बारीक पायरी तयार झालेली असते. ती नखाला अडकली की पुढचं बोलणंच नको, लायनर काढायचे.

या लायनरची गोष्ट मोठी गमतीची आहे. ती नाट्यापासून हजारो मैलांवर, एका स्पोर्ट्स कारच्या पोटात सापडते.

मे १९५३ मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळसोट रस्त्यावर ट्रायम्फ टीआर२ ही दोन माणसांची उघडी ब्रिटिश मोटार ताशी २०० किलोमीटरच्या पुढे पळाली. कमी किमतीच्या गाडीने असला वेग गाठावा याचं तेव्हा अप्रूप झालं. इंजिनाचं कूळ मात्र अगदी शेतकरी होतं. स्टँडर्ड कंपनीच्या व्हॅनगार्ड मोटारीत ते बसत असे, आणि त्याचाच भाऊ फर्ग्युसनच्या लहानशा करड्या ट्रॅक्टरला जुंपलेला होता. टीआर२साठी सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटरवरून ८३वर आणला, म्हणजे इंजिन १९९१ सीसीचं झालं आणि शर्यतीतल्या दोन लिटरच्या गटात बसलं. बाकी हाडं तीच.

या इंजिनात सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेले नव्हते. ओतीव लोखंडाच्या चार सुट्या नळ्या वरून आत सोडलेल्या, आणि त्यांच्याभोवती थंड करणारं पाणी थेट खेळणारं. हेच ओले लायनर. झिजले की ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर मारायची गरज नाही. जुनी नळी ठोकून काढा, नवी बसवा, जोडीला नवा पिस्टन आणि रिंगा. शेतकऱ्याला खळ्यात बसून जे जमावं म्हणून ही सोय, तीच पुढे स्पोर्ट्स कारच्या हौशी मालकांच्या पथ्यावर पडली. इंग्लंडात घरामागच्या शेडमध्ये शनिवार-रविवारी इंजिन उघडून बसणारी जी जमात तयार झाली, तिला ट्रॅक्टरवाल्यांनी नकळत केलेली ही मदत आहे.

अर्थात नळी बसवण्यातही मेख आहे. तिच्या बुडाशी इंग्रजी आठच्या आकाराचं पातळ गॅस्केट असतं आणि बसल्यावर नळीची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा इंचाचे तीन ते पाच हजारांश भाग वर उरावी लागते. कमी उरली तर हेड गॅस्केट नीट दाबलं जात नाही आणि पाणी तेलात उतरतं. मग तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होतो. शेडमधला हौशी असो की बंदरातला मिस्त्री, डिपस्टिकवर तो रंग पाहिला की दोघांचीही तोंडं सारखीच उतरतात.

नाट्याला इंजिन आलं ते फार उशिरा. अर्जुना नदीच्या खाडीवरचा हा मुलूख शिडांचा. खाडीच्या वरच्या अंगाला राजापूर; तिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. खाडीतल्या ये-जा करणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला नाट्याचा यशवंतगड उभा. पुढे मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या आगबोटी जैतापूरला थांबू लागल्या, तेव्हा यंत्र गावकऱ्यांच्या डोळ्यांना दिसलं, पण दुरूनच. मासेमारी चालू राहिली वल्ह्यावर, शिडावर आणि पहाटेच्या मतलई वाऱ्याच्या भरवशावर.

या वाऱ्याला पर्याय म्हणून जे यंत्र आलं त्याच्या जनकाचा शेवट समुद्रातच झाला, हा योगायोग खराच. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं आणि १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. त्याचं इंजिन मराठी मुलखात रुजलं ते घाटावर. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं घडवली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, हे आज साताऱ्यातसुद्धा किती जणांना आठवतं कोण जाणे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. घाटावरच्या विहिरींवर ही इंजिनं टकटकू लागली तरी बोटीला त्यांची सोबत मिळायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. केरळात १९५२च्या करारातून भारत-नॉर्वे प्रकल्प उभा राहिला आणि यांत्रिक नौकांना देशभर चालना मिळाली. महाराष्ट्रात सहकारी संस्था आणि कर्जं यांच्या वाटेने इंजिन बंदराबंदरांत पोचलं.

त्याबरोबर एक नवी विद्याही आली. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांतून सहा महिन्यांचा जो अभ्यासक्रम चालतो, त्यात नौकानयनाच्या जोडीला सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. रत्नागिरीजवळ शिरगावला असं केंद्र आहे. पण बहुतेकांची शाळा म्हणजे इंजिनाची अंधारी खोलीच. वर तांडेल ओरडतोय, खाली बिल्जमध्ये घोट्याएवढं पाणी, आणि त्यात नोझल बदलायचा. तिथे शिकलेलं विसरत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक ट्रॉलरांत आज धडधडतं ते अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन. म्हणजे ट्रकच्या इंजिनाचाच सागरी अवतार. इथे दुसरा धागा जुळतो. १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सच्या नावात ब्रिटनची जी लेलँड मोटर्स कंपनी शिरली, तिनेच १९६१ मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ विकत घेतली. तेव्हा जाळं ओढणारी बोट आणि तरण्याताठ्यांची ती टीआर कार कागदोपत्री तरी एका घरच्या झाल्या.

नातं असलं तरी समुद्रावरचा संसार कष्टाचा. ट्रकला उतार मिळतो, सिग्नलला श्वास मिळतो. जाळं ओढणारं इंजिन तासन् तास एकाच जोरात ओढत राहतं. समोरून वारा नाही, म्हणून आतलं गोडं पाणी थंड करायला खाऱ्या पाण्याची वेगळी वाट करून द्यावी लागते, आणि खारं पाणी जिथे जाईल तिथे खातं. हौशी मोटारवाल्याचं इंजिन वर्षाला पाच-सहा रविवार चालतं. त्याचं दुखणं बसून गंजण्याचं. इथलं दुखणं राबण्याचं.

अंतर्भागाचीही तीच तऱ्हा. जुन्या मोटारीचं सीट उसवलं की आतून बहुतेकदा घोड्याचे केस निघतात किंवा काथ्या. जर्मन बीटलच्या सीटांतसुद्धा नारळाचा काथ्या रबरात घोळून भरलेला असे. ज्या काथ्याने या किनाऱ्यावर कधीकाळी होड्यांच्या फळ्या शिवल्या जात, त्यावर युरोपातली माणसं टेकून बसत होती! बोटीच्या केबिनीत मात्र टेकायला फळी, तिच्यावर पातळशी गादी, समोर वायरलेस, जीपीएस, फिश फायंडर. कुणाकडे आयत चिकटवलेली, कुणाकडे देवीचा फोटो. पावसाळ्यात केबिनही खरवडून रंगवतात. रंग कसला, तर दरवर्षी मिळेल तो, पण झगझगीत.

मुंबईत जुन्या मोटारी घडवणाऱ्यांची शोधयात्रा अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणि चोर बाजारातून जाते. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हा नियम बोटींना लावला तर साखरी नाट्यातली एकही बोट पास होणार नाही. लायनर एका हंगामातले, हेड दुसऱ्या बोटीचं, गिअरबॉक्स तिसऱ्याने विकलेली. मूळ उरतो तो फार तर ब्लॉकवरचा नंबर.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्र्या निघतात. बोट पाण्यात उतरते, डिझेलच्या वाटेतली हवा काढली जाते, बॅटरी जोडली जाते. पहिल्यांदा नुसतंच खोकतं, पांढरा धूर खाडीवर पसरतो, मग एकेक सिलिंडर पकडत सहाही बोलू लागतात. मिस्त्री तरीही लगेच पान्यांची पेटी आवरत नाही. पहिली फेरी करून बोट परतली आणि इंजिन थंड झालं की हेडचे नट त्याला पुन्हा एकदा आवळायचे असतात.