कुरणशाळेत ‘आत्मनियमित अध्ययन’ होतं का?

संकल्पनेचा इतिहास लिहिताना होणारी एक चूक आज सांगतो, कारण ती मीच केली होती. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘आत्मनियमित अध्ययन महाराष्ट्रात 1945 पासूनच होतं.’ वाक्य छान वाटत होतं, पण शेवटी खोडावं लागलं.

आम्ही राहतो त्या घणसोली गावात अंगणवाडी आहे, तशी ती गावोगाव आहे. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द सरकारी झाला. त्यामागचा प्रयोग मात्र आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला. (पालघर वेगळा झाला तो 2014 मध्ये.) ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

ताराबाईंवर माँटेसरी पद्धतीचा प्रभाव होता. त्या पद्धतीत दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला, तर शेवटचा दट्ट्या बसतच नाही. म्हणजे चूक बाई दाखवत नाहीत, साधन दाखवतं आणि मूल स्वतः दुरुस्त करतं. महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे वापरले.

आता सिद्धांताकडे या. स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवणं, म्हणजे ‘मेटाकॉग्निशन’, ही संकल्पना जॉन फ्लेव्हेल यांच्या 1979 च्या लेखामुळे रुळली. 1986 मध्ये झिमरमन आणि मार्टिनेझ-पॉन्स यांनी शाळकरी मुलांच्या मुलाखती घेऊन आत्मनियमनाच्या 14 रीती मांडल्या: ध्येय ठरवणं, नोंदी ठेवणं, मदत मागणं वगैरे. इथे विद्यार्थी उद्दिष्ट ठरवतो आणि आपली रीत बदलतो. दट्ट्या बसवणारं मूल तेवढं करत असतं का? चूक दुरुस्त करतं, हे दिसतं. पुढचं आपण गृहीत धरतो. नंतरचा शब्द आधीच्या कृतीला चिकटवला की पुरावा असल्याचा भास होतो. माझं वाक्य नेमकं इथे पडलं.

मग कोसबाड प्रबंधातून काढून टाकायचं? नाही. उलट, ते सिद्धांतालाच एक प्रश्न विचारतं. त्या 14 रीतींमध्ये एक आहे ‘परिसराची मांडणी’: विद्यार्थी अभ्यासाला शांत जागा शोधतो, अडथळे दूर करतो. पण गुरं राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलाने कुठली जागा शोधायची? त्याचा दिवसच त्याच्या हातात नाही. कोसबाडला यावर उत्तर निघालं ते कुरणशाळेचं. गुरं चरतात तिथेच शाळा गेली. परिसराची मांडणी मुलाने केली नाही, शिक्षकांनी केली.

बांडुरांच्या ज्या चौकटीवर झिमरमन उभे आहेत, तिच्यात व्यक्ती आणि वर्तनाबरोबर परिस्थितीही आहे, हे खरं. तरी प्रश्नावली भरून घेताना आपण विचारतो ते एवढंच: ‘तू काय करतोस?’ त्याला काय करता येणं शक्य होतं, हे विचारायचं राहून जातं. मग कमी गुण मिळालेल्या मुलाला आपण सहज ‘नियमन कमी’ असं लेबल लावतो.

म्हणून साहित्याचा आढावा लिहिताना ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ असं वाक्य आलं, की थांबा. तेव्हाच्या लोकांसमोर अडचण कोणती होती आणि त्यांनी प्रत्यक्ष काय केलं, एवढं आधी त्यांच्याच शब्दांत लिहा. आजची संज्ञा नंतर शेजारी ठेवा. दोन्हींमध्ये जे अंतर उरतं, तिथेच बहुतेक वेळा तुमचा संशोधनप्रश्न असतो. मला माझा तिथेच सापडला.