गुऱ्हाळाची भाषा आणि उसावरील अधिकार

पंचगंगा व भोगावती या नद्यांच्या काठच्या गावांतून हिवाळ्याच्या दिवसांत फिरत असता दोन शेतकऱ्यांच्या भेटीत एक प्रश्न हमखास कानी पडतो : “ऊस गेला का?” याच गावांतील वृद्ध मंडळींच्या बोलण्यात मात्र त्याच ऋतूतला जुना प्रश्न अद्याप जिवंत आहे : “गुऱ्हाळ कधी घालायचं?” दोन्ही प्रश्न एकाच पिकाच्या एकाच अवस्थेविषयी आहेत. परंतु पहिल्यात ऊस हा कर्ता असून तो ‘जातो’. दुसऱ्यात शेतकरी हा कर्ता असून तो काही ‘घालतो’. या दोन वाक्यांच्या दरम्यान जो काळ गेला त्याचा इतिहास साखर कारखान्यांच्या अहवालांत व सहकाराच्या ग्रंथांत कारखान्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांचा ऊस करणाऱ्या कुणब्याच्या बाजूने तो पाहावयाचा झाल्यास कागदपत्रे अपुरी पडतात आणि त्याने वापरलेल्या शब्दांकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

प्रथम पिकाच्या नावाचा विचार करू. संस्कृत ‘इक्षु’ या शब्दातील ‘क्ष’चा विकास प्राकृतांत दोन प्रकारे झाला. एका बाजूस ‘इक्खु’ हे रूप झाले व त्यातून हिंदीचा ‘ईख’ आला. दुसऱ्या बाजूस ‘उच्छु’ हे रूप झाले. पालीतही तेच आहे. ‘कुक्षि’पासून ‘कुच्छि’ व पुढे ‘कूस’, त्याचप्रमाणे ‘उच्छु’पासून ‘ऊस’ ही मराठीतील नियमित वाट होय. ‘गूळ’ हा ‘गुड’ म्हणजे गोळा या शब्दाचा वंशज असून ‘साखर’ ही ‘शर्करा’ म्हणजे वाळूची खडी हिची. एकाचे नाव गोळ्यावरून पडले, दुसरीचे कणावरून. पेर, कांडे, डोळा, खोड, पान ही उसाच्या अंगांची नावेही घरचीच आहेत. पीक जुने आहे आणि ते लावणाऱ्यांची भाषाही त्याच्याबरोबर वाढलेली आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

लागणीच्या हंगामांची नावे पाहू लागताच मात्र चित्र बदलते. जुलै-ऑगस्टात लावून सोळा ते अठरा महिन्यांनी तोडावयाच्या उसास ‘आडसाली’ म्हणतात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्यास ‘सुरू’ आणि मधल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागणीस ‘पूर्वहंगामी’. ‘आडसाली’तील ‘साल’ फारसी आहे. ‘सुरू’ हा मूळ अरबी ‘शुरूअ’, म्हणजे आरंभ, यावरूनच आलेला दिसतो. ‘पूर्वहंगामी’त फारसी ‘हंगाम’ असून त्याच्यामागे संस्कृत ‘पूर्व’ लावलेले आहे; हे जोडकाम शेतावर झालेले नसून शेतकी खात्याच्या टेबलावर झाले असावे, हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. यावरून आडसाली लागणीची रीतच फारसी अमलात आली, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. रीत जुनी व नाव नवे असे शेतीत वारंवार घडते. परंतु वर्षाची मोजणी सरकारी सालाशी, म्हणजेच वसुलीशी, जोडली गेल्यानंतर ही नावे रूढ झाली असावीत, हे अनुमान मला टाळता येत नाही. वर्ष ओलांडून उभा राहणारा ऊस हा हप्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने निराळा आहे. उसाला स्वतःला त्याचे काही सोयरसुतक नाही.

जातींच्या नावांचा इतिहास याहून बोलका आहे. दख्खनच्या कालव्यांवर, म्हणजे १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाच्या मुठा कालव्यावर व १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर, जो ऊस प्रामुख्याने पसरला त्यास ‘पुंड्या’ म्हणत. अमरकोशात उसाचे प्रकार सांगताना ‘पुण्ड्र’ हे नाव आले आहे. नाव एक असले तरी वनस्पती एक असेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकात सागरापलीकडून जाड उसाच्या अनेक जाती हिंदुस्थानात आल्या आणि जुन्या नावांखाली नवा ऊस खपून गेला असणे अगदी शक्य आहे. पुंड्या मऊ, रसाळ व खाण्यास गोड, परंतु रोगास लवकर बळी पडणारा होता. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस-पैदास केंद्र स्थापन झाले, १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कोइमतूरच्या को ४१९ या जातीने पुंड्याची जागा घेतली. पुढे को ७४० आली, नंतर को ८६०३२ आणि २००७ नंतर फुले २६५. आजचा शेतकरी जातीचे नाव घेत नाही, आकडा सांगतो. रंग, जाडी, साल यांवरून नाव देण्याचा त्याचा अधिकार या आकड्यांनी संपविला. उत्पन्न वाढले हेही तितकेच खरे असून त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

आता गुऱ्हाळाकडे वळू. लोखंडी चरक येण्यापूर्वी बाभळीच्या उभ्या लाटांचा लाकडी घाणा बैलांनी फिरवीत. या लाटांच्या जोडीस ‘नवरा-नवरी’ म्हणत. एक फिरली की दुसरी तिच्याबरोबर फिरते, आणि ऊस दोघींच्या मधून जातो. १८७४ च्या सुमारास बिहारात बेहिया येथे लोखंडी लाटांचा चरक निघाला व हळूहळू तो सर्वत्र गेला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसल्यानंतर, नांगरांबरोबर चरकही घडविले. ‘चरक’ हा शब्द फारसी ‘चर्ख’, म्हणजे चाक, याच्याशी जोडला जातो. घाणा गेला, चरक आला, त्याबरोबर नवरा-नवरीही बोलण्यातून गेली.

चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, काहील चुलवाणावर असते आणि चुलवाणात वाळलेली चिपाडे जळतात. म्हणजे रस देऊन झालेला ऊसच आपल्या रसास आटवितो. बाहेरून सरपण फारसे आणावे लागत नाही. लहान शेतकऱ्यास हा उद्योग परवडे याचे हे एक मुख्य कारण होते. वाढे बैलांस जात, पाचट शेतात वा छपरावर जाई. चुलीपाशी ‘जाळव्या’ व काहिलीपाशी ‘गुळव्या’ असे दोन माणसांचे काम असे. उकळी येऊ लागली की रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी गुळव्या झाऱ्याने काढी, चुन्याचे प्रमाण राखी, आणि शेवटी थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते की नाही हे बोटांनी पाही. त्या क्षणी पाकाचे तपमान सुमारे ११८ अंश सेल्सिअस असते. गुळव्याजवळ तापमापक नव्हता. त्याची बोटे होती. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपे, क्षणभर घाई झाली तर तो घट्ट न होता पाझरे. एका काहिलीच्या एका उकळीस ‘आधण’ म्हणत आणि दिवसाचा हिशेब आधणांवर चाले.

पाक पूर्ण घट्ट होण्यापूर्वी काढला की काकवी. हा शब्द कन्नडातील ‘काकंबी’चा जवळचा आप्त आहे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात गूळ करणारी व गूळ खरेदी करणारी माणसे दोन्ही भाषा बोलत असल्याने हा शब्द दोन्ही भाषांची सामाईक मिळकत मानणे उचित होईल. १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि येथील गुळाच्या ‘रव्यां’ना दूरचे गिऱ्हाईक मिळाले. काढणीच्या या भाषेवर म्हणूनच व्यापाराची छाप आहे, सरकारची नाही.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा : ऊस केव्हा तोडावयाचा हे कोण ठरवी? शेंड्याकडील व बुडख्याकडील कांडे चाखून दोहोंतील गोडीचा फरक कमी झाला, पाने पिवळी पडली, टिचकी मारल्यावर कांडे खणखणले, की मालक ‘ऊस आला’ म्हणे. तोडलेल्या उसातील साखर उन्हात झपाट्याने उतरत असल्यामुळे दिवसभरात जेवढा चरकातून जाईल तेवढाच तोडावयाचा, हा घरच्या गुऱ्हाळाचा साधा नियम होता. माणसे व बैल कमी पडत, तेव्हा ‘पैरा’ होई : आज माझ्याकडे तू, उद्या तुझ्याकडे मी. मजुरी देऊन आणलेली माणसेही असत आणि गुऱ्हाळ म्हणजे केवळ प्रेमाचा मेळावा होता असे समजण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे बैल नव्हते त्याचा पैरा नेहमी अंगमेहनतीने फिटे. तरीही कोणाचा ऊस आधी, कोणाचा नंतर, हे गावातच ठरे व भांडणही गावातच होई. रात्ररात्र चालणाऱ्या या कामाच्या जोडीला ज्या गप्पा चालत, त्यांचीच आठवण ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ या प्रयोगात राहिली असावी. वर्तमानपत्रे तो आज निंदेने वापरतात. गुऱ्हाळावर बसलेल्यांनी तो तसा वापरला नसता.

“ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये” ही म्हण आपण नीतीचे वचन म्हणून शिकतो. ती मुळात शेतीची सूचना आहे. बुडख्याकडील कांडी सर्वांत गोड, म्हणून जमिनीत हात घालण्याचा मोह होतो. पण जमिनीत राहिलेल्या खोडावरच पुढील वर्षीचा ‘खोडवा’ फुटतो आणि त्यापुढील वर्षीचा ‘निडवा’. खोडव्यास बेणे लागत नाही, नांगरट लागत नाही. वीस गुंठेवाल्याच्या घरात नफा म्हणून जे काही उरे, ते बहुधा खोडव्याचे असे.

१९१९ मध्ये बेलापूर कंपनी स्थापन झाली, १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले आणि नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. यापुढील इतिहास सुपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. सहकारी कारखान्याने लहान शेतकऱ्यास सभासद केले, गुळाच्या बाजारातील चढउतारांपासून वाचविले, त्याच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये काढली. हे नाकारणारा मनुष्य त्या गावांत कधी राहिलेला नसावा. परंतु शब्द काय सांगतात ते पाहा. ‘ऊस आला’ऐवजी ‘तोड आली’ हा प्रयोग रूढ झाला. पिकाची पक्वता नव्हे, तर कारखान्याने ठरविलेली पाळी हीच आता ‘येते’. ती वेळेवर आली नाही तर ऊस उभ्याउभ्या तुऱ्यावर जातो, वजन घटते, आणि चाखून पाहण्याची विद्या शिल्लक असली तरी तिचा उपयोग उरत नाही. ‘उतारा’ हा शब्द आता शंभर टन उसामागे किती साखर निघाली याचा असून तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो. पैऱ्याची जागा ‘टोळी’ने घेतली, तिच्यावर ‘मुकादम’ असतो व तिने पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून येणाऱ्या या टोळ्यांत पतिपत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. पूर्वी लाकडाच्या दोन लाटांना नवरा-नवरी म्हणत; आता नवरा-नवरीस अवजाराच्या नावाने मोजतात. या अर्थांतराची नोंद शब्दकोशात कशा प्रकारे करावी, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला केला होता. अर्थ दोन आकड्यांखाली द्यावेत, असे मी त्याला सांगितले. ते उत्तर मला तेव्हाही पुरेसे वाटले नव्हते.

‘मळी’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. ‘मळ’पासून निघालेला हा शब्द गुऱ्हाळावर काहिलीच्या वरच्या फेसाळ घाणीस लावीत, ती काढून टाकीत किंवा खतात घालीत. कारखान्यात साखरेचे कण वेगळे केल्यावर उरणाऱ्या काळसर दाट द्रवास तेच नाव मिळाले. याच मळीपासून मद्यार्क निघतो, इंधनात मिसळण्याचे इथेनॉल निघते, तिच्या दराविषयी शासन निर्णय घेते. त्याच कारखान्यात रस गाळून राहिलेल्या गाळासही शेतकरी मळीच म्हणतो व तो गाडीने शेतात नेतो. अशा रीतीने आज एका शब्दाच्या तीन वस्तू झाल्या असून त्यांतील केवळ पहिली त्याने स्वतःच्या हाताने काढलेली आहे. काकवी मात्र आपल्या अर्थावर टिकून राहिली.

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व त्या भागात गुऱ्हाळे अद्याप चालतात. चरक यंत्रावर फिरतो, बैल नाहीत. पुष्कळ ठिकाणी मालक आपला ऊस दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर नेतो आणि गुळव्यास आधणाप्रमाणे मजुरी देतो. शब्दसंग्रहासाठी हीच माणसे गाठावी लागतात आणि त्यांना फुरसत नसते. आधण उतरावयास आले असता प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. मी ज्या गुळव्याकडून वरीलपैकी बरेच शब्द टिपून घेतले, त्याने पहिल्या दिवशी मला बाजूस बसविले व पाण्यातली गोळी माझ्या हातावर ठेवून ती दाबून पाहावयास सांगितले. ती मऊ होती. दुसरी थोड्या वेळाने दिली, ती टणक होती. या दोन अवस्थांच्या मधल्या अवस्थेस तुम्ही काय म्हणता, असे मी विचारले. त्यास नाव नाही, ती वेळ असते, असे तो म्हणाला आणि काहील उतरविण्यासाठी उठला.